बँकेत न पोहोचलेले पैसे : विस्वा क्राकूफ क्लबचे डिसेंबर २०१८ मधील प्रकरण

२८ डिसेंबर २०१८, शुक्रवार. नाताळ नुकताच उलटला होता, पोलंडच्या साखळी फुटबॉलला हिवाळी सुट्टी लागली होती, आणि तरीही क्राकूफ शहरातील हजारो माणसे त्या रात्री जागी होती. सामना कुठलाच नव्हता. ती वाट पाहत होती एका बँक व्यवहाराची. शहरातील विस्वा या क्लबचे समभाग नाताळापूर्वीच्या दिवसांत दोन परदेशी कंपन्यांना देण्यात आले होते आणि त्या करारात एक अट होती : १ कोटी २० लाख झ्लॉटींहून (झ्लॉटी हे पोलंडचे चलन) थोडी अधिक रक्कम २८ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत क्लबची देणी भागवण्यासाठी जमा झाली पाहिजे. मध्यरात्र उलटली आणि रक्कम आली नाही.

त्या रात्रीपासून पुढील काही दिवस पोलंडमधील सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक यशस्वी क्लबांपैकी एकाचा मालक कोण, या साध्या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर कोणालाही देता येत नव्हते. प्रस्तुत प्रकरण या प्रश्नाभोवती फिरते. विस्वाच्या अधोगतीचे वर्णन बहुतेक वेळा पैशाच्या टंचाईची कहाणी म्हणून केले जाते. टंचाई होतीच, पण माझ्या मते मूळ दुखणे वेगळे होते. हा क्लब नेमका कोणाच्या हाती आहे आणि त्याच्या वतीने शब्द कोणी द्यायचा, हे तिथे फार काळ अस्पष्ट राहिले होते, आणि जानेवारी २०१९ मध्ये तो वाचला तोही शब्द पाळतील अशी माणसे पुढे आल्यामुळे वाचला.

नदीचे नाव, पांढरा तारा

विस्वा हे क्राकूफमधून वाहणाऱ्या नदीचे नाव आहे. इंग्रजी नकाशांतून आपण तिला व्हिस्चुला म्हणून ओळखतो. पोलिश लिपीत तिरकी रेघ मारलेल्या ‘ल’चा उच्चार ‘व’च्या जवळ जातो, त्यामुळे आपल्याकडे अनेकदा ‘विस्ला’ असे छापले जाणारे हे नाव तिथल्या माणसाच्या तोंडी ‘विस्वा’ असते. क्लबची स्थापना १९०६ ची. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता आणि क्राकूफ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या या संघाने लाल रंग आणि पांढरा तारा ही खूण घेतली, आणि ‘पांढरा तारा’ हेच पुढे क्लबचे दुसरे नाव झाले. त्याच वर्षी त्याच शहरात क्राकोव्हिया हा क्लबही जन्मला. या दोघांची मैदाने आजही ब्वोन्या नावाच्या विस्तीर्ण गवताळ माळाच्या आसपास, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यातील सामन्याला तिथे ‘पवित्र युद्ध’ म्हणतात.

पोलंडमध्ये राष्ट्रीय साखळी १९२७ साली सुरू झाली. क्राकोव्हियाने त्या पहिल्या मोसमात भाग घेतला नाही. विस्वाने घेतला आणि विजेतेपदही मिळवले. त्या मोसमात विस्वाचा कर्णधार हेन्रिक रेमान याने ३७ गोल केले, आणि पोलंडच्या अव्वल साखळीत एका मोसमातील सर्वाधिक गोलांचा हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. रेमान पेशाने सैन्याधिकारी होता. आज क्लबच्या स्टेडियमला आणि त्यासमोरील रस्त्यालाही त्याचेच नाव आहे, असे पुष्कळांना वाटते. रस्त्याचे नाव मात्र रेमोन्ता, म्हणजे नोबेल पारितोषिक मिळालेले लेखक व्वादिस्वाव रेमोन्त यांच्यावरून पडलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीत पोलंडमधील प्रत्येक क्लब कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याशी बांधला गेला. कोणी खाणींकडे गेले, कोणी रेल्वेकडे, कोणी सैन्याकडे. विस्वा गेला ‘ग्वार्दिया’कडे, म्हणजे पोलीस आणि सुरक्षा यंत्रणेच्या क्रीडा संघटनेकडे. त्यामुळे साधने मिळाली, पण ‘पोलिसांचा क्लब’ हा शिक्का प्रतिस्पर्ध्यांच्या घोषणांत अनेक दशके टिकला. याच काळातील १९५१ चा प्रसंग मला या प्रकरणाच्या दृष्टीने फार बोलका वाटतो. त्या वर्षी साखळीत पहिला क्रमांक विस्वाने पटकावला, पण राष्ट्रीय विजेतेपद चषक जिंकणाऱ्या संघाला देण्याचे ठरले असल्यामुळे ते रुख होझुफ या क्लबला मिळाले. मैदानावर एक आणि कागदावर दुसरेच, असा अनुभव क्लबने तेव्हाच घेतला होता. १९२७ ते २०११ या काळात विस्वाच्या नावावर अधिकृत विजेतेपदे १३ आहेत. चाहत्यांच्या मनात चौदावे आहे ते १९५१ चे.

१९७८ साली ओरेस्ट लेन्चिक यांच्या प्रशिक्षणाखाली विजेतेपद मिळाले आणि पुढच्या मोसमात युरोपीय चषकात क्लब ब्रुगे आणि झ्ब्रोयोव्का ब्रनो यांना हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. पुढे पोलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले आदाम नावाउका याच संघात खेळत. त्यानंतरच्या दोन दशकांत दुसऱ्या श्रेणीत घसरणे, वर येणे, पुन्हा घसरणे असे चालू राहिले. १९९६ मध्ये संघ परत वर आला.

एका माणसाचा क्लब

१९९७ च्या अखेरीस केबल बनवणाऱ्या ‘टेले-फोनिका’ या कंपनीचे मालक बोगुस्वाव त्सुप्याव यांनी क्लब ताब्यात घेतला आणि विस्वाचा सर्वांत वैभवाचा काळ सुरू झाला. १९९९ पासून २०११ पर्यंत आठ विजेतेपदे, शिवाय २००२ आणि २००३ चे राष्ट्रीय चषक. हेन्रिक कास्पेर्चाक यांच्या संघाने २००२-०३ च्या यूएफा चषकात पार्मा आणि शाल्के या दोघांना बाहेर काढले. गेल्सेनकिर्शेनमध्ये शाल्केवर ४-१ असा मिळवलेला विजय तिथली माणसे आजही तपशीलवार सांगतात. पुढच्या फेरीत रोममध्ये लाझिओविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली आणि क्राकूफमधील परतीच्या सामन्यात १-२ अशी हार झाली. ऑगस्ट २००८ मध्ये नवे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या बार्सिलोनाला पहिली अधिकृत हार चाखायला लागली तीही क्राकूफमध्येच, ०-१. पहिला सामना बार्सिलोनाने ४-० असा जिंकलेला असल्याने त्या विजयाचा फायदा काही झाला नाही, पण त्या मोसमात पुढे चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकणारा तो संघ होता.

त्सुप्याव यांना हवे होते ते नेमके चॅम्पियन्स लीगचे गट सामने, आणि ते विस्वाला कधीच मिळाले नाहीत. २००५ मध्ये पॅनाथिनाइकोसविरुद्ध घरी ३-१ असा विजय मिळवूनही अथेन्समध्ये जादा वेळेत संधी गेली. २०११ मध्ये सायप्रसच्या अपोएलविरुद्ध घरी १-० अशी आघाडी होती, आणि परतीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत झालेल्या गोलाने दार बंद झाले. त्यानंतर मालकाचा उत्साह आणि पैसा दोन्ही आटत गेले. क्लबचा सारा जमाखर्च एका माणसाच्या इच्छेवर उभा असला की त्याची इच्छा ओसरल्यावर खाली काय उरते, हे विस्वाने पुढील पाच वर्षांत अनुभवले. उत्पन्न कमी, पगारांची रक्कम जुन्या वैभवाच्या मापाची, आणि शहर महापालिकेच्या मालकीच्या भव्य नव्या स्टेडियमचे भाडे वेगळे.

आणखी एक गोष्ट याच सुवर्णकाळात मूळ धरत होती. २० ऑक्टोबर १९९८ रोजी पार्माविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून भिरकावलेला चाकू इटलीच्या दिनो बाजिओ यांच्या डोक्याला लागला आणि विस्वाला एका वर्षासाठी युरोपीय स्पर्धांतून बाद करण्यात आले. चाकू फेकणाऱ्या तरुणाला शिक्षा झाली. तोच पुढे ‘विस्वा शार्क्स’ या गुंड टोळीचा म्होरक्या म्हणून ओळखला गेला. क्राकूफमधील दोन्ही क्लबांच्या कट्टर टोळ्यांमधील वैर हे पोलंडमध्येही अपवादात्मक म्हणावे इतके हिंस्र होते. त्यात माणसे मेली आहेत. त्सुप्याव मालक असेतो या टोळीचा क्लबच्या कारभारावर थेट हात नव्हता. मालक गेल्यावर जागा रिकामी झाली.

२०१६ ते २०१८ : रिकामी खुर्ची

ऑगस्ट २०१६ मध्ये त्सुप्याव यांनी क्लब एका तरुण व्यावसायिकाच्या कंपनीला विकला. नव्या मालकाच्या पूर्वेतिहासाबद्दल वृत्तपत्रांनी प्रश्न विचारायला सुरुवात करताच काही आठवड्यांत हे समभाग ‘क्रीडा संघटना विस्वा’कडे गेले. इथे रचना समजून घेणे आवश्यक आहे. व्यावसायिक फुटबॉल संघ चालवणारी विस्वा क्राकूफ ही एक भागधारक कंपनी आहे, आणि १९०६ चा वारसा सांगणारी क्रीडा संघटना ही सभासदांची वेगळी संस्था आहे, जिच्या छत्राखाली महिलांच्या बास्केटबॉलसह अनेक खेळ चालतात. २०१६ नंतर ही संघटनाच कंपनीची मालक झाली. वरवर पाहता क्लब आपल्या माणसांकडे परत आला होता, आणि अनेक प्रामाणिक चाहत्यांना त्याचा आनंदही झाला.

परंतु सभासदांच्या संस्थेत ज्याच्याकडे संघटित माणसे, त्याच्याकडे सत्ता जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये टीव्हीएन वाहिनीवरील ‘सुपरविझियर’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात पत्रकार शिमोन याद्चाक यांनी गुंड टोळीशी संबंधित मंडळी क्लबच्या कारभारात कशी शिरली आहेत हे सविस्तर मांडले. क्लबच्याच आवारातील व्यायामशाळा टोळीच्या म्होरक्याच्या हाती होती, हा त्यातील एक तपशील. कागदावर संघटना मालक, प्रत्यक्षात प्रेक्षक-सज्ज्यातील दंडेलीला घाबरून असलेला कारभार. प्रायोजक अशा ठिकाणी येत नाहीत, आणि असलेले टिकत नाहीत. देणी वाढत वाढत सुमारे ४ कोटी झ्लॉटींच्या घरात गेली. खेळाडूंना कित्येक महिने पगार मिळाला नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रशिक्षक मात्सेय स्तोलार्चिक यांच्या हाताखाली तो संघ त्या शरद ऋतूत मुळीच वाईट खेळत नव्हता. बिनपगारी खेळाडू दर आठवड्याला मैदानावर उतरत होते आणि सामने जिंकतही होते. याबद्दल त्यांचे जितके कौतुक व्हायला हवे होते तितके झाले नाही असे मला वाटते.

अशा अवस्थेत डिसेंबरमध्ये खरेदीदार पुढे आले. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या एका कंपनीच्या वतीने कंबोडियन वंशाचे फ्रेंच गृहस्थ व्हॅना ली आणि ब्रिटनमधील दुसऱ्या कंपनीच्या वतीने स्वीडनचे मॅट्स हार्टलिंग. ६० टक्के समभाग पहिल्या कंपनीला, ४० टक्के दुसऱ्या. या व्यक्तींच्या संपत्तीबद्दल खात्रीशीर माहिती पोलंडमधील एकाही पत्रकाराला सापडत नव्हती. तरीही करार झाला, नव्या मालकांनी क्राकूफला भेट दिली, त्यांच्या वतीने मध्यस्थाने क्लबची सूत्रे हाती घेतली आणि जुन्या कारभाऱ्यांनी आपली पदे सोडली. २८ तारखेला पैसे येणार होते. ते आले नाहीत तेव्हा मध्यस्थाकडून ली हे विमानप्रवासात आजारी पडल्याचे सांगण्यात आले.

करारातील त्या अटीकडे पुन्हा वळू. पैसे मुदतीत न आल्यास व्यवहारच उभा राहत नाही, अशी ती तरतूद होती. ही एक ओळ करारात नसती तर विस्वाचे समभाग पैसे न देणाऱ्या दोन परदेशी कंपन्यांच्या नावावर अडकले असते, ते परत मिळवण्यासाठी संघटनेला न्यायालयात वर्षे घालवावी लागली असती आणि तोवर क्लब उरलाच नसता. संपूर्ण व्यवहारात घडलेल्या अनेक अक्षम्य चुकांमध्ये एवढी एक खबरदारी घेतली गेली होती. तिच्याच आधाराने समभाग पुन्हा संघटनेकडे आले.

मात्र समभाग परत आले म्हणून कारभार परत आला नाही. जुने पदाधिकारी गेलेले, मध्यस्थाच्या नेमणुकीला अर्थ उरलेला नाही, कंपनीच्या वतीने सही कोणी करायची हे अनिश्चित. ३ जानेवारी २०१९ रोजी पोलिश फुटबॉल महासंघाच्या परवाना समितीने विस्वाचा अव्वल साखळीत खेळण्याचा परवाना स्थगित केला. क्लबचा मालक कोण आणि त्याचे प्रतिनिधित्व कोण करते हे स्पष्ट नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. थकलेल्या पगारापोटी खेळाडू नोटिसा देत होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला आणि लेखी नोटिशीनंतर पंधरा दिवसांतही मिळाला नाही, तर खेळाडूला करार मोडण्याचा अधिकार असतो. म्हणजे घड्याळे दोन होती : एक परवान्याचे, दुसरे प्रत्येक खेळाडूच्या नोटिशीचे. दिलासा एवढाच होता की हिवाळी सुट्टीमुळे फेब्रुवारीपर्यंत सामना नव्हता. हेच संकट ऑक्टोबरमध्ये आले असते तर पुढच्याच शनिवारी मैदानावर संघ उतरवता आला नसता आणि सगळे तिथेच संपले असते.

जानेवारी २०१९

पुढील तीन-चार आठवड्यांत जे घडले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पैसा त्या क्रमात पहिला आला नाही.

आधी आली माणसे. क्राकूफमध्ये ‘सिनेराइज’ ही तंत्रज्ञान कंपनी उभारणारे यारोस्वाव क्रुलेफ्स्की क्लबच्या हिशेबाच्या वह्यांत शिरले. त्यांच्या जोडीला आले बोगुस्वाव लेश्नोदोर्स्की, जे पेशाने वकील आणि वॉर्सातील लेगिया क्लबचे माजी अध्यक्ष. लेगिया म्हणजे विस्वाचा कडवा प्रतिस्पर्धी. त्या क्लबच्या माजी अध्यक्षाने विस्वाचे करारनामे तपासत बसावे, हे पोलंडच्या फुटबॉलमध्ये सहज घडणारे नाही. संघटनेत नवे कार्यकारी मंडळ आले आणि क्लबच्या युवा अकादमीचे काम पाहणारे राफाऊ विस्वोत्स्की कंपनीचे अध्यक्ष झाले. सही करणारा माणूस मिळाला. महासंघ, खेळाडू, महापालिका, कर खाते या सगळ्यांना आता बोलायला समोर कोणीतरी होते.

मग आला याकुब ब्वाश्चिकोफ्स्की. सारा पोलंड त्याला कुबा म्हणतो. २००५ मध्ये चौथ्या श्रेणीतील एका छोट्या क्लबमधून तो विस्वात आला होता, २००७ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडला गेला, तिथे दोनदा जर्मन विजेता झाला, पोलंडचा कर्णधार झाला. जानेवारी २०१९ मध्ये त्याने वोल्फ्सबुर्गशी असलेला करार परस्पर संमतीने संपवला. क्रुलेफ्स्की, उद्योजक तोमाश याझ्जिन्स्की आणि तो अशा तिघांनी मिळून क्लबला ४० लाख झ्लॉटींचे कर्ज दिले, प्रत्येकी साधारण १३ लाख ३० हजार. त्याशिवाय तो स्वतः खेळायला आला, महिना ५०० झ्लॉटींवर. पूर्णवेळ कामगाराला कायद्याने मिळणाऱ्या किमान वेतनाच्याही कितीतरी खालचा हा आकडा, आणि तोही त्याने अनाथालयातील मुलांच्या सामन्याच्या तिकिटांसाठी देऊन टाकला. करारात काही तरी रक्कम लिहावीच लागते म्हणून ती लिहिली होती.

आता आकड्यांकडे पाहू. देणी सुमारे ४ कोटी, कर्ज ४० लाख, म्हणजे एक-दशांश. जमाखर्चाच्या भाषेत हा क्लब जानेवारीतही दिवाळखोरच होता. मग फरक कशाने पडला? ४० लाखांतून सर्वांत तातडीची देणी, म्हणजे खेळाडूंचे थकलेले पगार, अंशतः भागवता आली आणि उरलेल्या रकमेसाठी हप्ते ठरवता आले. हप्ते ठरवायला समोरच्याचा विश्वास लागतो. डिसेंबरमध्ये एका अनोळखी माणसाच्या १ कोटी २० लाखांच्या वचनावर कोणी काही सोडून द्यायला तयार नव्हते. जानेवारीत स्वतःचे १३ लाख आधी टाकलेल्या आणि उद्या त्यांच्याच शेजारी कपडे बदलायला बसणाऱ्या माणसाच्या शब्दावर खेळाडू थांबायला तयार झाले. सगळे थांबले नाहीत. हेसुस इमास आणि झोरान आर्सेनिच यागेलोनिया क्लबकडे गेले, झ्देन्येक ओन्द्राशेक अमेरिकेत डॅलसला गेला. ज्यांना घरदार चालवायचे होते त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या जागी स्वावोमिर पेश्को यांच्यासारखे कुबाचे राष्ट्रीय संघातील जुने सोबती आले. सुवर्णकाळात गोल करणारा पावेव ब्रोझेक तर आधीच परतलेला होता.

यानंतर चाहत्यांची पाळी आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबने १०० झ्लॉटींचा एक, असे ४०,००० समभाग इंटरनेटवरून खुले केले. एकूण ४० लाख झ्लॉटी, भांडवलाचा सुमारे ५ टक्के हिस्सा. चोवीस तासांच्या आत सगळे संपले. घेणारे सुमारे ९,००० होते. १०० झ्लॉटींच्या त्या समभागावर लाभांश मिळेल अशी कल्पनाही कोणाच्या डोक्यात नव्हती. क्राकूफमधील एका कुटुंबाच्या सामन्याच्या दिवसाच्या खर्चाइतकी ती रक्कम. पण त्या नऊ हजारांपैकी प्रत्येकाचे नाव भागधारकांच्या नोंदीत गेले, आणि सज्ज्यात आरडाओरड करून मालकी सांगणाऱ्यांपेक्षा ही मालकी निराळी होती. टोळीच्या दहशतीला क्लबच्या आवारातून बाहेर काढण्याचे काम पोलीस आणि न्यायालये करतच होती. म्होरक्या त्यापूर्वीच इटलीत पकडला गेला होता. तरी आम्हीच क्लब आहोत हा त्या टोळीचा दावा फिका पडला तो या नोंदीने, असे मी मानतो.

परवाना परत मिळाला. मार्चमध्ये क्राकोव्हियाविरुद्धचे पवित्र युद्ध विस्वाने ३-२ असे जिंकले आणि महिनाअखेरीस लेगियाला ४-० असे हरवले. त्या पराभवानंतर लेगियाने आपल्या प्रशिक्षकाला घरी पाठवले. मोसमाअखेर विस्वा अव्वल साखळीत सुरक्षित होता. एप्रिल २०२० मध्ये कुबा, क्रुलेफ्स्की आणि याझ्जिन्स्की यांनी संघटनेकडून बहुसंख्य समभाग घेतले. दीड वर्षापूर्वी अनुत्तरित असलेल्या प्रश्नाला कागदावरही उत्तर मिळाले.

वाचल्यानंतर

अभ्यासकाने इथेच थांबून यशकथा लिहिणे सोपे आहे, आणि पोलंडमध्ये त्या काळात तशा पुष्कळ लिहिल्याही गेल्या. पण ४ कोटींच्या देण्यांचे हप्ते दर महिन्याला भरावे लागतात. जे पैसे मध्यफळीतील खेळाडूसाठी वापरता आले असते ते जुन्या कारभाऱ्यांच्या चुका फेडण्यात जात होते. त्यात कोविडच्या महासाथीमुळे मैदाने रिकामी राहिली, आणि प्रेक्षकांच्या गर्दीवर जगणाऱ्या क्लबला हा फटका इतरांपेक्षा जास्त बसला. कुबाला दुखापतींनी घेरले. प्रशिक्षक बदलत राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कुबाचे मामा आणि राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक येझी ब्झेंचेक यांना आणले गेले. आपल्या माणसांवर विसंबण्याची जी वृत्ती जानेवारी २०१९ मध्ये तारक ठरली, तीच इथे अपुरी पडली असे मला वाटते. जवळच्या माणसाच्या कामाचे मूल्यमापन कठोरपणे करणे अवघड जाते. मे २०२२ मध्ये, २६ वर्षांनंतर, विस्वा दुसऱ्या श्रेणीत घसरला.

गुंडांच्या तावडीतून आणि न आलेल्या कोट्यवधींच्या खाईतून सुटलेला क्लब अगदी साध्या कारणाने, म्हणजे पुरेसे सामने न जिंकल्यामुळे, खाली गेला. पुढे क्रुलेफ्स्की अध्यक्ष आणि प्रमुख मालक झाले. जून २०२३ मध्ये वर जाण्याच्या निर्णायक फेरीत क्राकूफच्याच वेशीवरील न्येपोवोमित्से या छोट्या गावाच्या पुश्चा क्लबने विस्वाला त्याच्याच मैदानावर ४-१ असे हरवले आणि तो गावाचा क्लब अव्वल साखळीत गेला. तेरा विजेतेपदांचा मानकरी मागे राहिला.

आणि तरी पुढचाच मोसम, दुसऱ्या श्रेणीत दहाव्या क्रमांकावर संपलेला, हा २०११ नंतरचा विस्वाचा सर्वांत संस्मरणीय मोसम ठरला. राष्ट्रीय चषकाच्या उपांत्य फेरीत पहिल्या श्रेणीतील प्यास्त ग्लिवित्सेला हरवून संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २ मे २०२४ रोजी वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर समोर होता पोगोन श्चेचिन, ज्या क्लबने आपल्या इतिहासात एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. ७५ व्या मिनिटाला पोगोनने गोल केला. नव्वद मिनिटे संपली, भरपाईची वेळ सुरू झाली, पोगोनचे चाहते घड्याळाकडे बघत उभे राहिले. भरपाईच्या नवव्या मिनिटाला विस्वाचा बचावपटू एनेको सात्रुस्तेगी याने बरोबरीचा गोल केला. जादा वेळ सुरू होऊन तीन मिनिटे होतात न होतात तोच आंखेल रोदादोने दुसरा केला, आणि २-१ हाच निकाल अखेरपर्यंत राहिला. १९२६, १९६७, २००२ आणि २००३ नंतरचा हा पाचवा चषक. कुबा तोवर निवृत्त झालेला होता.

चषकविजेत्याला युरोपमध्ये प्रवेश मिळतो, त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतला हा संघ त्या उन्हाळ्यात युरोपा लीगच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालोखालच्या स्पर्धेच्या, पात्रता फेऱ्यांत उतरला. कोसोव्होच्या ल्यापी क्लबला त्याने हरवले, रापिड व्हिएन्नाकडून तो हरला. तिथून कॉन्फरन्स लीग या तिसऱ्या पायरीवरील युरोपीय स्पर्धेत आल्यावर स्लोव्हाकियाच्या स्पार्ताक त्रनावाविरुद्ध पेनल्टी शूटआउट १२-११ पर्यंत लांबले आणि विस्वा पुढे गेला. अखेरच्या पात्रता फेरीत बेल्जियमच्या सर्क्ल ब्रुगेने क्राकूफमध्ये येऊन ६-१ असा धुव्वा उडवला. परतीच्या सामन्यासाठी कोणाला काही आशा उरलेली नव्हती. ब्रुगेच्या मैदानावर विस्वाने तो सामना ४-१ असा जिंकला आणि एकूण ५-७ अशा फरकाने स्पर्धेतून बाहेर पडला. त्यानंतर संघ दुसऱ्या श्रेणीतील आपल्या पुढच्या सामन्यासाठी पोलंडला परतला.